वयाचंच असेल ना, डॉक्टर?

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की पाळी जाण्याच्या वयातले काही प्रश्न असतील तर पाठवा. मला वाटलं पाच-दहा येतील. पण वहीच्या कागदावर लिहिलेले, लेकीकडून टाइप करून घेतलेले, रात्री दोन वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले असे इतके आले की सगळे एका अंकात बसणारच नाहीत. निम्म्याहून जास्त पत्रांत एक वाक्य सारखं होतं, "हे वयाचंच असेल ना, डॉक्टर?" हो, बरंचसं वयाचंच आहे. पण चाळिशीचा चष्मा पण वयाचाच असतो आणि तो आपण गुपचूप जाऊन करून घेतोच की, डोळे बारीक करून पुढची तीस वर्षं काढत नाही. मग हेच सगळं अंगावर का काढायचं? नावं गाळलीत, गावं तेवढी ठेवलीत, आणि एका ताईंनी गावही नको म्हटलंय.

सांखळीहून एका मुलीचं पत्र: आईचं वय ५६, पाळी जाऊन चार वर्षं झाली. शिगम्याच्या दिवसांत तिला दोन दिवस थोडं लाल गेलं आणि आपोआप थांबलं. शेजारच्या काकी म्हणतात पाळी परत आली, अंगात ताकद आहे अजून. आई म्हणते कुणाला सांगू नकोस. तिला डायबेटीस आहे. थांबू की दाखवू?

हे पत्र मी पहिलं घेतेय कारण यात थांबण्यासारखं काहीच नाही. पत्र आलं त्याच दिवशी मी त्यांना कळवलं, अंक छापून येईपर्यंत वाट बघायची ही गोष्टच नव्हे.

सलग बारा महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं आम्ही म्हणतो. त्यानंतर एक थेंब जरी लाल गेलं, नुसता गुलाबी डाग पडला, एकदाच पडला, दुखलं नाही, तरी ती पाळी नव्हे. पाळी परत येत नाही. काकी प्रेमानेच सांगत असतील पण ही समजूत फार महागात पडते, माझ्याकडे अशा बायका आल्यात ज्यांनी "परत आली" म्हणून वर्षभर पॅड वापरले आणि मग आल्या.

घाबरवायचं नाहीये. दहा बायकांना असं रक्त गेलं तर त्यातल्या साधारण नऊ जणींना कॅन्सर नसतो. बहुतेकींचं कारण साधं निघतं, आतली कातडी पातळ आणि कोरडी झालेली असते, किंवा गर्भाशयाच्या पिशवीत छोटा पॉलिप, म्हणजे अस्तराची लोंबती वाढ, असतो. पण दहावीचा प्रश्न आहे ना, आणि ती दहावी कोण हे बघितल्याशिवाय कळत नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर हा असा आजार आहे की तो बऱ्याचदा लवकरच रक्त दाखवून आपल्याला सांगतो, तेव्हा धरला तर ऑपरेशनने बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते, म्हणून तो दोन दिवसांचा डाग म्हणजे आपल्याला मिळालेली सूचना आहे. डायबेटीस, जास्त वजन, किंवा ब्रेस्ट कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या चालू असणं, यातलं काही असेल तर अजिबातच रेंगाळू नये.

करायचं काय तर आतून करतात ती सोनोग्राफी. तीत अस्तराची जाडी मोजतात. चार मिलिमीटर किंवा कमी असेल आणि रक्त परत गेलं नाही तर सहसा निर्धास्त राहता येतं. जास्त असेल तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात, त्याला बायोप्सी म्हणतात, आणि बऱ्याचदा ती ओपीडीतच होते. आणि हो, "मागच्या वर्षी पॅप स्मिअर नॉर्मल होती" म्हणून ही तपासणी टाळू नका, पॅप स्मिअर गर्भाशयाच्या तोंडाची असते, आतल्या अस्तराचं त्यातून खात्रीने कळत नाही.

त्यांच्या आईची सोनोग्राफी झाली, जाडी नऊ निघाली, बायोप्सी झाली, पॉलिप होता, काढला. हे त्यांच्या परवानगीने लिहितेय, आईनेच सांगितलं म्हणे की लिहू दे, बाकीच्यांना कळू दे.

फोंड्याहून: वय ४८, हायस्कूलमध्ये शिकवते. पाळी दोन-तीन महिन्यांनी कधीतरी येते. फळ्यावर लिहिता लिहिता छातीतून गरम वाफ वर चढते, मान, कान, तोंड भाजल्यासारखं होतं, ब्लाउज घामाने ओला, आणि पाच मिनिटांनी थंडी वाजते. मागच्या बाकावरची मुलं बघत असतात. रात्री तीन-चारदा उठून बसते. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, कोकम आणि सब्जा घे. मैत्रीण हॉर्मोनच्या गोळ्या घेते, पण त्याने कॅन्सर होतो ना?

ताई, तुमचं वाफेचं वर्णन वाचून मला माझाच तो काळ आठवला. मी ४९ची होते, पेशंटचा बीपी घेत होते आणि माझ्या कपाळावरून घामाचा थेंब टपकन तिच्या हातावर पडला. ती बिचारी म्हणाली डॉक्टर तुम्ही बसा थोडं. त्या दिवशी मला कळलं की पुस्तकात "हॉट फ्लश" असं दोन शब्दांत लिहिलेलं असतं ते अंगावर काय असतं.

होतं काय की आपल्या मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा आहे, घरातल्या एसीच्या थर्मोस्टॅटसारखी. इस्ट्रोजेन हे बाईचं हॉर्मोन वर-खाली व्हायला लागलं की ती जागा फार हळवी होते, तापमान जरासं वाढलं तरी तिला वाटतं की अंग तापलं, आणि ती अंग थंड करायचा हुकूम सोडते, म्हणजे कातडीच्या रक्तवाहिन्या उघड, घाम काढ. मग अंग खरंच थंड पडतं आणि तुम्हाला हुडहुडी भरते. म्हणजे पोटात किंवा रक्तात "उष्णता" साठलेली नसते. सासूबाईंचं कोकम जरूर घ्या, आपल्या दमट हवेत घाम जाऊन जाऊन पाणी कमी होतंच, फक्त साखर कमी घाला. पण कोकमाने, सब्ज्याने हे वाफेचं थांबत नाही, आणि थांबलं नाही म्हणून आपलंच काहीतरी चुकतंय असं समजू नका.

किती दिवस चालतं हे पण सगळ्या विचारतात. काहींचं वर्ष-दोन वर्षांत संपतं, पण बायकांच्या मोठ्या गटावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात सरासरी सात वर्षांच्या वर निघालं. म्हणून "चार दिवस सोस, जाईल" हा सल्ला मी देत नाही. सात वर्षं झोप मोडणं म्हणजे काय ते जिला होतं तिलाच माहीत.

आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर आणि बीपी बघून घ्या, कारण थायरॉइड वाढला तरी घाम आणि धडधड अशीच होते. पंचेचाळिशीनंतर पाळी अशी लांबायला लागली असेल तर एफएसएच वगैरे महागड्या हॉर्मोन टेस्टची सहसा गरज नसते, ते आकडे या काळात आज एक नि पुढच्या महिन्यात दुसरे येतात. मग दोन आठवडे कॅलेंडरवर लिहा, कधी वाफ आली, आधी काय खाल्लं-प्यायलं. एकीला कढत चहाने येते, दुसरीला झणझणीत हुमणाने, काहींना काजूच्या सीझनमध्ये घरात हुर्राक, म्हणजे काजूची दारू, आली की त्या एका ग्लासाने रात्रभर. आपलं कारण सापडलं की अर्धं काम होतं. सिंथेटिक साडीऐवजी कॉटन, वर्गात पंख्याखालची जागा, हाताशी पाण्याची बाटली, वजन थोडं कमी, हे सगळं मदत करतं पण तुमच्यासारखा त्रास जास्त असेल तर एवढ्याने भागत नाही.

आता हॉर्मोन. ही भीती आली कुठून ते सांगते. २००२ साली अमेरिकेत वीमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मधेच थांबवला, गोळ्या घेणाऱ्या बायकांत ब्रेस्ट कॅन्सर, हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि रक्ताच्या गुठळ्या जास्त दिसल्या म्हणून. जगभर बातमी झाली आणि बायकांनी रातोरात गोळ्या फेकल्या. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन बहुतेकींना दहा-बारा वर्षं होऊन गेलेली. आणि ब्रेस्ट कॅन्सरचा वाढीव आकडा होता दहा हजार बायकांनी वर्षभर गोळ्या घेतल्या तर आठ जास्त. आठ म्हणजे शून्य नव्हे, मी ते लपवणार नाही, पण लोकांच्या डोक्यात जे बसलंय की घेतली की कॅन्सर, तेही खरं नव्हे. ज्यांची पिशवी काढलेली होती आणि ज्या नुसतं इस्ट्रोजेन घेत होत्या त्यांच्यात तर ब्रेस्ट कॅन्सर वाढलेला दिसला नाही. पुढे ते आकडे वयानुसार वेगळे करून बघितले आणि आज मत असं आहे की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास खूप असेल आणि बाकी तब्येत ठीक असेल, तर सहसा फायदा धोक्यापेक्षा जास्त.

तुमची पिशवी आहे, म्हणून नुसतं इस्ट्रोजेन चालणार नाही, अस्तर वाढत राहतं, त्याच्याबरोबर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन लागतंच. इस्ट्रोजेन कातडीवर लावायच्या जेलमधूनही मिळतं, त्यात गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी. ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालीय, स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक झालाय, लिव्हरचा चालू आजार आहे, किंवा कारण न कळलेलं रक्त जातंय, त्यांनी मात्र हे घ्यायचं नाही. त्यांच्यासाठी वेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशी दुसरी औषधं आहेत, ती डिप्रेशनची किंवा नसांची म्हणून ओळखली जातात पण कमी डोसमध्ये वाफाही कमी करतात. मैत्रिणीच्या डब्यातली गोळी घेऊ नका एवढंच कळकळीने सांगते, तिचं अंग वेगळं, तुमचं वेगळं. सुरू करण्याआधी बीपी, ब्रेस्टची तपासणी, घरात कुणाला काय झालंय ते सगळं बघावं लागतं.

पेडण्याहून: वय ४६. घरात पाच दिवसांचा गणपती, माटोळी बांधण्यापासून नेवऱ्या तळण्यापर्यंत सगळं माझ्यावर. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दर चवथीला मेडिकलमधून आणते. यंदा गोळ्या चालू असतानाच अंगावरून गेलं आणि बंद केल्यावर अठरा दिवस थांबलंच नाही, गाठी पडत होत्या. आता चार पायऱ्या चढले की धाप लागते.

ताई, धाप लागतेय हे वाचून पोटात गोळा आला. सगळ्यात आधी हिमोग्लोबिन. १२च्या खाली म्हणजे रक्त कमी, ८च्या खाली म्हणजे खूपच कमी, आणि मी चवथीनंतर ६ हिमोग्लोबिन घेऊन स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या बायका बघितल्यात कारण बायकांना सवयच असते चालत राहायची. यापुढे कधी तासाला एक पॅड भरतंय, मोठ्या गाठी पडतायत, चक्कर येतेय असं झालं तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टीत जा, म्हापसा असो की बांबोळी, जे जवळ असेल ते.

गोळ्यांचं असं आहे की नोरेथिस्टेरॉनची ती गोळी पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची असते, आणि पंचविशीत तारीख माहीत असते म्हणून ती चालते. या वयात तारीख असते कुठे? कधी बीज सुटतं, कधी सुटत नाही, ज्या महिन्यात सुटत नाही त्या महिन्यात अस्तर नुसतं वाढत बसतं, जाड, भुसभुशीत, आणि मग ते जेव्हा गळायला लागतं तेव्हा नीट गळत नाही, तुकड्या-तुकड्याने दिवसेंदिवस जातं. तुमच्या गोळीने त्याला थोडं धरून ठेवलं, मग धरवलं नाही. पूर्वी पायात गुठळी झालेली असेल तर ही गोळी धोक्याची आहे, तुम्ही सिगरेट ओढत असाल किंवा अर्धशिशी असेल तर तेही डॉक्टरला सांगायचंच, आणि काउंटरवर हे कुणी विचारत नाही.

तुम्हाला सोनोग्राफी लागेल, थायरॉइड लागेल, आणि पंचेचाळिशीच्या वर असं रक्त गेलं की अस्तराची बायोप्सी पण करावी असं मी सांगेन. फायब्रॉइड, म्हणजे पिशवीतली साधी गाठ, असेल तर तोही दिसेल. उपाय बरेच आहेत, पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची गोळी आहे, पिशवीत बसवायची हॉर्मोनची कॉइल आहे जी पाच वर्षं आणि पुढेही काम करते आणि रक्त खूप कमी करते. पिशवी काढणं हा पहिला उपाय नव्हे, कुणी पहिल्याच भेटीत तारीख दिली तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तिच्या आधी-नंतर तासभर नको, आणि हिमोग्लोबिन भरलं तरी पुढे तीन महिने चालू ठेवा म्हणजे साठाही भरतो.

आणि चवथीचं. तुमच्या घरातली पद्धत काय असावी हे मी सांगणार नाही. माझं मत मात्र विचारलंत तर सांगते, पाळी आली म्हणून बाई देवाला चालत नाही हे मला कधीच पटलं नाही. आणि नाही शिवायचं असं घरात ठरलेलंच असेल तर मग नेवऱ्या दुसऱ्या कुणी तळाव्यात, त्या एका बाईने गोळ्या खाऊन का तळायच्या?

गाव लिहू नका म्हणाल्या: वय ५३. संबंधाच्या वेळी आग होते, सुईने टोचल्यासारखं. मी टाळते, ते समजतात मला त्यांचा कंटाळा आला. लघवीला पण सारखी जळजळ, वर्षात तीनदा अँटिबायोटिक झाली. हे कुणाला बोलू?

मला बोललात ते फार बरं केलंत. वाफा काही वर्षांनी कमी होतात, पण हा कोरडेपणा आपोआप जात नाही, उलट वाढत जातो, आणि याचंच दुःख बायका सगळ्यात जास्त लपवतात. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीची कातडी पातळ होते, ओलावा कमी होतो, तिथले चांगले जंतू कमी होतात, आणि लघवीची जागा शेजारीच असल्याने इन्फेक्शन परत परत होतं. म्हणजे संबंधातली आग आणि लघवीची जळजळ ही दोन दुखणी नसून एकच आहे.

उपाय साधा आहे. योनीत लावायची इस्ट्रोजेनची क्रीम, पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. त्यातलं औषध रक्तात अगदी कमी जातं म्हणून वर फोंड्याच्या ताईंना सांगितलेले धोके याला तसे लागू पडत नाहीत, फक्त ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर त्या डॉक्टरला विचारून. फरक पडायला काही आठवडे लागतात, धीर धरा. संबंधाच्या वेळी पाण्याच्या बेसची जेली वापरा, खोबरेल कंडोमबरोबर नको कारण कंडोम फाटतो. साबणाने, डेटॉलने आतून धुणं आजपासून बंद, नुसतं पाणी पुरे. पुढच्या वेळी जळजळ झाली तर अँटिबायोटिकच्या आधी लघवीचं कल्चर द्या, म्हणजे कुठले जंतू आहेत ते कळतं.

आणि त्यांना सांगा. एवढंच म्हणा, "दुखतं म्हणून टाळते, तुम्ही नको म्हणून नाही." किती घरांतला अबोला या एका वाक्याने सुटलेला मी पाहिलाय. बोलवत नसेल तर हे पान पुढे करा.

काणकोणहून: वय ५७, पाळी ४४ला गेली. पावसात अंगणात शेवाळावर घसरले, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर सुटलं, हात ठीक आहे. सून म्हणते हाडं ठिसूळ झालीत, टेस्ट करा. करू का?

सून अगदी बरोबर बोलतेय. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं म्हणजे हाड आधीच कमकुवत असणार, आणि पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली म्हणजे हाडांचं इस्ट्रोजेनचं छत्र लवकर गेलं. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाड सगळ्यात झपाट्याने झिजतं, दुखत नाही, कळत नाही, मोडल्यावरच कळतं. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करा, कंबर आणि खुब्याचा. रिपोर्टमध्ये टी-स्कोअर असतो, उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. तसं निघालं तर नुसत्या कॅल्शियमवर भागणार नाही, अ‍ॅलेन्ड्रोनेटसारखी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असते, ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते.

कॅल्शियम पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं. पेलाभर दुधात साधारण ३००, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. आपली आज्यांची नाचणीची तिझण सुरू करा, गूळ थोडा कमी. तारले काट्यासकट चावून खाता येतील असे शिजवा, काट्यातच कॅल्शियम असतं. तीळ आहेत, दही आहे. उरलेलं गोळीने भरा, एका वेळी ५०० पुरे, आणि थायरॉइडची किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्याबरोबर नको, मधे चार तास जाऊ द्या. व्हिटॅमिन डी तपासा, एवढ्या उन्हाच्या राज्यात राहून पण माझ्या पेशंटांत ते सारखं कमी निघतं कारण आपण उन्हात जातोच कुठे, छत्री, स्कूटर, घर.

रोज अर्धा तास चालणं, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, या तिसऱ्याने तोल सुधारतो. सुनेला सांगा, पावसाआधी अंगण ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्यायचं, आणि रात्री बाथरूमच्या वाटेवर एक छोटा दिवा चालू ठेवायचा. पुढचं हाड मोडायला नको आहे आपल्याला, खुब्याचं तर नकोच.

मडगावहून: वय ४१. फायब्रॉइडसाठी पिशवी काढली, नंतर डिस्चार्ज कार्डवर वाचलं की दोन्ही ओव्हरी (बीजांडकोश) पण काढल्या. आठव्या दिवसापासून घाम, झोप नाही, सारखं रडू. कुणी काही सांगितलंच नव्हतं.

ताई, तुम्हाला हे आधी सांगायला हवं होतं, आणि तुमची परवानगी घेऊन मगच काढायला हव्या होत्या, तुमचा राग रास्त आहे. नुसती पिशवी काढली तर रक्त थांबतं पण ओव्हरी काम करत राहतात. ओव्हरी काढल्या की मात्र जे हळूहळू चार-पाच वर्षांत व्हायचं ते एका रात्रीत होतं, म्हणून त्रास एवढा तीव्र. तुमच्या वयाला हॉर्मोन घेणं म्हणजे वरचं काही घेणं नव्हे, गेलेलं भरून काढणं आहे. ज्यांना मनाई नाही त्यांनी निदान पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत, म्हणजे आपल्याकडे सेहेचाळीस-सत्तेचाळीस, बाहेरच्या देशांत पन्नास-एक्कावन्न धरतात, तोवर घ्यावं, नाहीतर हाडं आणि हृदय दोन्हीला फटका बसतो. पिशवी नसल्याने तुम्हाला सहसा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. बायोप्सी रिपोर्ट घेऊन या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा. आणि वाचणाऱ्या बाकीच्यांनी ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा, "ओव्हरी ठेवणार की काढणार, आणि का?"

डिचोलीहून: वय ४९, पाळी पाच महिने नाही. आता काळजी घ्यायची गरज नाही ना?

आहे अजून. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवायचं. आणि पाच महिने पाळी नाही तर आधी एक प्रेग्नन्सीची युरीन टेस्ट करून घ्या, लाजू नका.

वास्कोहून एका गृहस्थांचं: बायको ५०ची. आधी घर हसतं ठेवायची, आता लहानशा गोष्टीवर चिडते, मग रडते, मग सॉरी म्हणते. रात्री पंखा पाचवर, मला थंडी वाजते, त्यावरून पण भांडण. मी काय करू?

भाऊ, इतक्या पत्रांत नवऱ्याचं हे एकच, आणि मी ते दोनदा वाचलं. तिचा स्वभाव बदललेला नाही. हॉर्मोनच्या चढउताराने मन हळवं होतं आणि त्यावर महिनोन्महिने मोडलेली झोप, तुम्ही स्वतः आठवडाभर रात्री चारदा उठून बघा, पाचव्या दिवशी काय बोलाल. त्यातच या वयात मुलं बाहेरगावी गेलेली असतात, दोन्हीकडचे म्हातारे आईवडील असतात, आणि सगळ्यांचं तीच बघत असते.

तिच्याबरोबर डॉक्टरकडे जा, बाहेर स्कूटरवर बसून राहू नका, आत या. काय होतंय ते तिला सांगू द्या, मधे बोलू नका. दोन आठवड्यांहून जास्त सतत उदास असेल, कशातच जीव लागत नसेल, जेवण सुटलं असेल, तर ते डिप्रेशन असू शकतं, त्याला वेगळा उपचार लागतो आणि तो मिळतो. "मी नसलेलीच बरी" असं काही बोलली तर ते नुसतं बोलणं समजू नका, त्याच क्षणी टेली-मानसच्या १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, चोवीस तास, आणि तिला एकटीला सोडू नका.

घरातलं एखादं काम कायमचं तुमच्याकडे घ्या, मदत म्हणून नको, तुमचंच म्हणून. सकाळचं मासळीबाजाराचं घ्या, किंवा रात्रीची भांडी. आणि पंखा पाचवरच राहू दे, तुम्ही गोधडी घ्या.